तीन मिनिटांचा दस्तऐवज

('थ्री मिनिट्स : अ लेंग्थनिंग'. दिग्दर्शिका : बियांका स्टिग्टर. २०२१. अवधी : ६९ मिनिटे.)

चित्रपटाचे परीक्षण करावयाचे म्हटले म्हणजे कथानक, अभिनय, संवाद, संगीत आणि छायालेखन अशा ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत चित्रपटाच्या बाबतीत ती रीत पहिल्याच पायरीवर अडते. यात कथानक नाही, नट नाहीत. आणि छायालेखन म्हणाल तर ते एका हौशी प्रवाशाने १९३८ सालच्या ऑगस्ट महिन्यात केलेले, उणेपुरे तीन मिनिटांचे आहे. ती तीन मिनिटेच पुन्हा पुन्हा, कधी उलट फिरवून, कधी मध्येच थांबवून, कधी एखादा कोपरा भिंगाखाली धरल्याप्रमाणे मोठा करून एकुणसत्तर मिनिटे आपल्यापुढे मांडलेली आहेत. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर उभारलेली आणि तरीही शेवटपर्यंत मनाची पकड न सोडणारी दुसरी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही.

पोलंडमधील एका यहुदी वस्तीच्या चित्रफितीशी आमच्या वाचकवर्गास काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विवेचनाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच म्हणतो की, देवालयाभोवती वसलेला, एकमेकांस नावानिशी व कुळानिशी ओळखणारा, सणावारी एकत्र येणारा समाज म्हणजे काय हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यांना हा चित्रपट इतरांपेक्षा अधिक कळेल.

प्रथम हकीकत. डेव्हिड कुर्त्झ नावाचे गृहस्थ लहानपणीच पोलंड सोडून अमेरिकेस गेले व तेथेच स्थिरावले. १९३८ च्या उन्हाळ्यात ते पत्नी व काही स्नेह्यांसह युरोपच्या सहलीस निघाले. बरोबर १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता आणि त्यात घालावयास काही रंगीत, काही कृष्णधवल फीत होती. या सहलीत वाट वाकडी करून ते आपल्या जन्मगावी जाऊन आले. वॉर्साच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या या गावाचे नाव नाशेल्स्क. वस्ती सुमारे सात हजार. त्यांपैकी सुमारे तीन हजार यहुदी. अमेरिकेहून पाहुणा आला आहे आणि त्याच्या हातात हलती चित्रे घेणारे यंत्र आहे एवढे कळताच सारे गाव लोटले. पोरे एकमेकांस ढकलून भिंगापुढे तोंड आणताहेत, वडीलधारी माणसे त्यांना मागे सारताहेत, प्रार्थनामंदिराच्या दारातून माणसे पायऱ्या उतरताहेत, किराणा दुकानाच्या उंबऱ्यावर बायका उभ्या आहेत. त्या मंदिराच्या दारावर सिंह कोरलेले आहेत. बस्स, एवढीच ती तीन मिनिटे.

पुढच्या वर्षी १ सप्टेंबर रोजी महायुद्धास तोंड लागले. ३ डिसेंबर १९३९ रोजी जर्मन सैनिकांनी नाशेल्स्कच्या यहुदी वस्तीस घराबाहेर काढले, त्यांतील पुष्कळांना त्याच सिंहांच्या दाराआड कोंडले, फटके मारीत स्टेशनकडे हाकलले आणि गाड्यांत भरून दूरच्या गावांकडे धाडले. १९४२ मध्ये त्यांतील बहुतेकांचा शेवट त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत झाला. तीन हजारांपैकी युद्धातून जिवंत राहिलेल्यांची संख्या शंभरही भरली नाही. अमेरिकेतल्या एका घरात पडून राहिलेल्या त्या सहलीच्या रिळाचे रूपांतर, कोणी हातही न लावता, एका समाजाच्या अखेरच्या चित्रात झाले होते.

हे रीळ डेव्हिड कुर्त्झ यांचे नातू ग्लेन कुर्त्झ यांना २००९ साली आपल्या आईवडिलांच्या फ्लॉरिडातील घरी एका कपाटात सापडले. फीत आक्रसली होती, वाकली होती, तिला आंबूस वास येत होता. त्यांनी ती वॉशिंग्टनच्या 'होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियम' या संग्रहालयाच्या स्वाधीन केली. तेथून ती प्रयोगशाळेत गेली व मोठ्या कष्टाने वाचविली गेली. पण आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती याच्या पुढची गोष्ट. फितीच्या शीर्षकात देशांची यादी होती, सालही होते. गावाचे नाव मात्र नव्हते. प्रथम कुटुंबाची समजूत अशी झाली की, हे आजीचे जन्मगाव असावे. ते आजोबांचे जन्मगाव होते हे पुष्कळ शोधाअंती ठरले. म्हणजे पहा! ज्याने चित्रण केले त्याच्या स्वतःच्या घरात, अवघ्या दोन पिढ्यांत, गावाचे नाव हरवले. फीत कपाटात होती. तिचा अर्थ मात्र आजोबांबरोबर गेला होता.

तो अर्थ परत आला तो एका मुलीच्या चाणाक्ष दृष्टीमुळे. संग्रहालयाने ही फीत सर्वांस पाहावयास खुली केली होती. ती पाहत असता एका स्त्रीस गर्दीतील तेरा वर्षांच्या एका पोराच्या चेहऱ्यात आपल्या आजोबांचा चेहरा दिसला. ते आजोबा, मॉरिस चँडलर, त्या वेळी हयात होते, वयाची पंचाऐंशी ओलांडलेले होते, आणि त्यांची स्मृती शाबूत होती. चित्रपटात त्यांचा आवाज आपण ऐकतो. हा कोण, ती कोण, कोणाच्या डोक्यावर कोणती टोपी आणि त्या टोपीवरून तो घरचा कसा, कोणत्या मुलांत आपण मिसळत होतो आणि कोणत्या मुलांत मिसळण्याची मुभा नव्हती, हे ते सांगतात. एका माणसाच्या आठवणीने निर्जीव गर्दीतून समाज उभा राहतो. त्याला श्रीमंती-गरिबी आहे, सोवळे-ओवळे आहे, थट्टामस्करी आहे. जे चेहरे मघापर्यंत केवळ 'बळी' होते ते आता शेजारी होतात.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य दिग्दर्शिकेने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनात आहे. या विषयावरील चित्रपटांतून छावण्यांची, प्रेतांच्या राशींची, लोहमार्गांची चित्रे आपण इतकी पाहिली आहेत की, डोळ्यांना त्यांचा सराव झाला आहे. आणि भीषणाचा सराव होणे याहून भीषण काय असू शकेल? स्टिग्टरबाईंनी यांतले एकही चित्र वापरलेले नाही. जे वाचले त्यांचेही वृद्ध चेहरे दाखविलेले नाहीत. त्यांचे केवळ आवाज आहेत. डोळ्यांपुढे सतत ते १९३८ चे जिवंत, हसरे, धक्काबुक्की करणारे गाव आहे. मृत्यूचा उच्चार कानांनी ऐकावयाचा आणि जीवन डोळ्यांनी पाहावयाचे, अशी ही योजना आहे.

तिचा परमोत्कर्ष गावच्या चौकाच्या दृश्यात होतो. चौकाचे एक चित्र पडद्यावर स्थिर होते, आणि त्या ३ डिसेंबरला याच चौकात काय घडले त्याची प्रत्यक्ष हकीकत वाचली जाते. ती हकीकत इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने वॉर्साच्या कोंडवाड्यात गुप्तपणे जमविलेल्या दप्तरातील आहे. ते दप्तर त्याच्या सहकाऱ्यांनी धातूच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत घालून जमिनीत पुरले होते. त्यांतला काही भाग १९४६ मध्ये व काही १९५० मध्ये उकरून काढण्यात आला. वाचन चालू असता चित्र हळूहळू जवळ येत जाते, आणि जितके जवळ येते तितके ते अंधुक होत जाते. अखेरीस केवळ रंगाचे ठिपके उरतात. जवळ जाऊ तितके कमी दिसते हे भूतकाळाविषयीचे सत्य याहून सरळ रीतीने सांगता आले नसते. एकाने पुरलेला कागद आणि दुसऱ्याने विसरलेली फीत यांची भेट ज्या क्षणी घडते, त्या क्षणी हा चित्रपट इतिहासाच्या पातळीवर जातो.

दुसरा उत्तम भाग दुकानाच्या पाटीचा. उंबऱ्यावर बायका उभ्या आहेत त्या दुकानावर पाटी आहे; अक्षरे पुसट आहेत. 'किराणा' एवढे लागते, मालकाचे नाव लागत नाही. ते नाव लावण्यासाठी एका संशोधिकेने अक्षरांच्या सावल्या, त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या याद्या व नावांची वळणे ताडून पाहिली, आणि नाव लावले. कोर्टात जीर्ण दस्तऐवजाचे अक्षर लावण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना या दृश्यातील उत्कंठा निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. एका किराणा दुकानदाराचे नाव! त्याने जगाच्या इतिहासात काय फरक पडतो? काही नाही, आणि म्हणूनच ते कळणे महत्त्वाचे आहे. थोरांची नावे इतिहास सांभाळतो. किराणा दुकानदाराचे नाव कोणीतरी हट्टाने सांभाळावे लागते.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. निवेदन हेलेना बॉनहॅम कार्टर या नामांकित नटीच्या आवाजात आहे. आवाज संयत आहे, पण संहिता मधून मधून चिंतनशील होते, आणि जेथे मौन बोलले असते तेथे वाक्य बोलते. झाडे कोणत्या जातीची, ऊन कोणत्या बाजूचे, हे निरीक्षण मनोवेधक आहे. परंतु काही ठिकाणी कौशल्याचे प्रदर्शन विषयाच्या पुढे जाते. दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. चित्रपटाचा रोख असा की, आपण या माणसांकडे पाहत आहोत तोवर त्यांचा भूतकाळ पुरता संपलेला नाही. ही तीन मिनिटे लांबविणे म्हणजे त्यांचा अंत लांबविणे. नावातील 'लेंग्थनिंग' या शब्दाचा अर्थ तोच. ही कल्पना सुंदर आहे, पण आम्हांस ती पटत नाही. फीत लांबविता येते, आयुष्य नाही. पडद्यावरची पोरे हसत राहिली म्हणून ती वाचत नाहीत. चित्राने सांत्वन होऊ लागले की चित्राची साक्ष दुबळी होते, असे आमचे मत आहे. सुदैवाने चित्रपट आपल्या या तत्त्वज्ञानापेक्षा मोठा आहे. तो सांत्वनापाशी थांबत नाही, चेहरे मोजू लागतो. दीडशेच्या आसपास चेहरे एकामागून एक पडद्यावर येतात. त्यांतील नावे कळली आहेत ती अगदी थोड्यांची. ही मोजदाद कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक बोलते.

ग्लेन कुर्त्झ यांनी या शोधाची हकीकत 'थ्री मिनिट्स इन पोलंड' या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सविस्तर लिहिली आहे. ज्यांना शोधाच्या वाटा-आडवाटा जाणून घ्यावयाच्या आहेत त्यांनी पुस्तक वाचावे. ज्यांना पाहणे म्हणजे काय ते शिकावयाचे आहे त्यांनी चित्रपट पाहावा. घरगुती फितींतून चित्रपट घडविण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. हंगेरीचे पेटर फॉर्गाच यांनी १९९७ साली 'द मेलस्ट्रॉम' हा चित्रपट हॉलंडमधील पेरेबूम या यहुदी कुटुंबाच्या घरगुती फितींतून रचला. त्यात लग्ने आहेत, समुद्रकिनारा आहे, तान्ही बाळे आहेत. आणि अखेरीस छावणीस जाण्यापूर्वी बायका टेबलाभोवती बसून प्रवासाची तयारी करीत आहेत. फॉर्गाच संगीत, अक्षरे व इतर फिती यांचा मेळ घालून एक करुण रचना उभी करतात. स्टिग्टरबाई काहीच जोडत नाहीत. त्या फक्त पाहतात. कलादृष्ट्या फॉर्गाच अधिक समृद्ध असतील, पण पुराव्याच्या दृष्टीने स्टिग्टरबाईंचा मार्ग अधिक निर्मळ आहे.

आता जो मुद्दा आम्ही राखून ठेवला होता त्याकडे वळतो.

घरगुती चित्रण हे चलच्चित्राचे आद्य रूप आहे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये जे पहिले खेळ दाखविले त्यांत त्यांच्याच घरातील तान्ह्या मुलीस आईबाप भरवीत आहेत असा एक होता. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे व १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. त्या फिती आज उपलब्ध नाहीत. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'चाही काही भागच उरला आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे जमविली, म्हणून तेवढे तरी आपल्या हाती आहे. ज्या देशात पहिल्या चित्रपटाची ही अवस्था, त्या देशात कोणा घरच्या मुंजीच्या रिळाची विचारपूस कोण करणार?

ती घरच्यांनीच केली पाहिजे. गोव्यात असो, बेळगावात असो, बडोदे-इंदूर-ग्वाल्हेरीस असो, आपल्या समाजातील ज्या घरांत कधीकाळी आठ मिलिमीटरचा कॅमेरा आला त्यांच्याकडे अशी रिळे असतील. आणि ज्यांच्याकडे रिळे नसतील त्यांच्याकडे लग्नाच्या, जत्रेच्या, पालखीच्या व्हिडिओ कॅसेटी तर हटकून असतील. हे सारे नाशवंत आहे. जुनी फीत ज्या द्रव्याची असते त्यास दमट हवेने व उष्म्याने आम्ल सुटते. त्याचाच तो आंबूस, शिरक्यासारखा वास. एकदा सुटलेले आम्ल स्वतःच आपला वेग वाढविते आणि शेजारच्या रिळांसही बाधते. आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्याइतके फितीस वाईट हवामान शोधून सापडणार नाही. कॅसेटीवर बुरशी चढते. आणि कॅसेट शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र राहत नाही. घरगुती व्हिडिओ यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलै महिन्यात ते काम थांबविले. तेव्हा वासाचे रीळ वेगळे काढावे, सारी रिळे थंड व कोरड्या जागी ठेवावीत, आक्रसलेली फीत जुन्या प्रोजेक्टरवर कदापि चढवू नये, जाणत्याकडून नक्कल करवून घ्यावी आणि त्या नकला निदान दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

नक्कल झाली म्हणून मूळ रीळ टाकून देण्याची घाई मात्र करू नये. मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांत कायदा जो भेद करतो तो येथेही लागू आहे. कुर्त्झ यांच्या घरी या सहलीची एक व्हिडिओ नक्कल पूर्वीच झालेली होती. ती पुरेशी समजून रीळ केरात गेले असते, तर दुकानाची पाटी वाचण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. उद्याची यंत्रे आजच्या यंत्रांहून अधिक पाहू शकतील. पण त्यांना पाहावयास मूळ वस्तू हवी.

हे झाले शरीराचे जतन. अर्थाचे जतन त्याहून अवघड आहे, आणि या चित्रपटाचा आम्ही घेतलेला धडा तोच आहे. पुराव्याच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाविषयी एक नियम आहे. १८७२ च्या अधिनियमात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही तो कायम आहे. असा दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व अक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. पण दस्तऐवज खरा ठरला म्हणजे त्यातील मजकूर खरा ठरत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतो. घरगुती फितीचेही असेच आहे. कपाट हा योग्य ताबा झाला. साक्षीदार कोठे आहे? पंचाऐंशी वर्षांचे चँडलर भेटले म्हणून नाशेल्स्क बोलले. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर फीत कितीही स्वच्छ असती, तरी ती मुकीच राहिली असती.

आमच्या देवस्थानांतून महाजनांची नोंदवही असते. तीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत, पण चेहरे नाहीत. आणि त्या नोंदीत परंपरेने पुरुषांचीच नावे येत गेली. घरच्या फितीत चेहरे आहेत, पण नावे नाहीत. आणि तीत बायका आहेत, मुले आहेत, पंक्तीस वाढणारे आहेत, अग्रशाळेच्या पडवीत भाजी चिरणारे हात आहेत, पालखीपुढे दिवटी धरणारा आहे, वाजंत्री आहेत. नोंदवहीने ज्यांना वगळले त्यांना कॅमेऱ्याने नकळत सामावून घेतले. या दोन अर्धवट दस्तऐवजांची गाठ घालून देणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ती आहेत तोवरच गाठ पडेल.

आणि स्थलांतराची, विध्वंसाची गोष्ट आमच्या समाजास परकी नाही. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास आली. मागे राहिलेल्या त्या देवळांच्या दारांवर काय कोरलेले होते, सभामंडपातून उतरणारी माणसे कशी दिसत, याचे चित्र आज कोणाकडे आहे? नावे राहिली, कुळे राहिली, देव राहिले, रूप गेले. त्या काळी कॅमेरा नव्हता, म्हणून तो दोष कोणाचाच नाही. ज्यांच्या घरी कॅमेरा होता व आहे त्यांना ही सबब चालणार नाही. येथे तुलना दुःखाची करीत नाही. ती करणे उभयतांवर अन्याय होईल. तुलना आहे ती केवळ दाराची आणि त्यावरील सिंहांची.

मालकीविषयीही दोन शब्द. १९५७ च्या आमच्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा निर्माता हाच त्याचा कर्ता, आणि त्याचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. जी फीत कधी प्रकाशितच झाली नाही तिची वर्षे मोजावीत कोठून? कायद्याने हा माल कोणाचा याचा काथ्याकूट पुष्कळ करता येईल. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे जे सव्वीस सेकंदांचे घरगुती चित्रण झॅप्रूडर नामक गृहस्थाच्या हातून झाले, त्याच्या मूळ फितीसाठी अमेरिकन सरकारने त्याच्या वारसांस एक कोटी साठ लाख डॉलर द्यावेत असा निवाडा १९९९ मध्ये झाला. कुर्त्झ यांनी आपली फीत संग्रहालयास दिली व ती सर्वांस पाहू दिली. पहिल्या प्रकारात वारसांस धन मिळाले. दुसऱ्यात एका नातीस आपले आजोबा तेरा वर्षांचे पाहावयास मिळाले. आम्ही दुसरा मार्ग श्रेयस्कर मानतो. देवस्थानची मालमत्ता देवाची असते. महाजन केवळ सांभाळणारे. घरच्या फितीत ज्यांचे चेहरे आहेत त्यांची ती आहे. ज्याच्या कपाटात ती आहे तो विश्वस्त. विश्वस्ताने वस्तू कुजू देऊ नये, तसेच ती बाजारातही मांडू नये. कोणा घरचे दुःख, कोणाचे आजारपण फितीत आले असेल, तर ते घरापुरतेच राहावे. चौक, जत्रा, पंगत ही मात्र सर्वांची.

आमच्या व्यवसायात गोव्यातील वारसांच्या इन्व्हेंटरीच्या याद्या पाहण्यात येतात. घर, कुळागर, नारळीची झाडे, समया, पितळी भांडी, सोन्याचे नग, सारे ओळीने लिहिलेले असते. त्यांत रिळांचा डबा लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. ज्याची किंमत ठरविता येत नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही ते वाटणीच्या दिवशी अंगणात पडते.

तेव्हा हा चित्रपट पाहून केवळ हळहळण्याने काम व्हावयाचे नाही. चवथीस सारे कुटुंब मूळ घरी जमते. आरतीनंतर एखादी संध्याकाळ यासाठी राखावी. घरची फीत वा तिची नक्कल लावावी, वयोवृद्धांस पुढे बसवावे, प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबावे आणि नाव, नाते, गाव, वाडा व साल विचारून एका वहीत शाईने लिहून घ्यावे. जेथे नाव आठवत नाही तेथे 'आठवत नाही' असेच लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. ती वही रिळाच्या डब्याशेजारी ठेवावी आणि तिची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी द्यावी. नाशेल्स्कच्या दीडशे चेहऱ्यांपैकी बहुतेकांना असे विचारणारा कोणी वेळेवर भेटला नाही. आणि पुढे विचारणारा आला तेव्हा उत्तर देणारा जवळजवळ कोणी उरला नव्हता. आमच्याकडे उत्तर देणारी माणसे अजून आहेत.